सात झाडांचं सरपण

तंजावूरकडच्या ओरत्तनाडूपासून कोसभर आत, कालव्याच्या उजव्या हाताला अप्पाजीचं घर होतं. घर त्याचं असं गाव म्हणे आणि तोही म्हणे. कागदावर मात्र ते त्याच्या थोरल्या चुलतभावाच्या, हनुमंतरावांच्या नावावर होतं. अप्पाजीचा बाप तो पाच वर्षांचा असताना गेला. चुलत्यानं दोघांना एका पंगतीला बसवून वाढवलं. हनुमंतराव शिकले आणि पापनाशमला मास्तर झाले. अप्पाजीचं डोकं अक्षरांत चाललं नाही, म्हणून तो घरी राहिला. थोडं भाताचं शेत, दोन गाई, परसातले नारळ आणि म्हाताऱ्या चुलत्याची सेवा, एवढं त्याच्या वाट्याला आलं. चुलता जाताना म्हणाला होता, घर दोघांचं आहे, भावाभावांत कागद कशाला. ते दोघांनाही पटलं होतं. कागद कुणी केला नाही.

सत्तावन्न सालच्या वैशाखात हनुमंतरावांचं पत्र आलं. घरात बोलणं मराठी, पण लिहायची वेळ आली की तमिळ, असाच दोन्ही घरांचा रिवाज होता. पत्र भामानं वाचून दाखवलं. भामा अप्पाजीची एकुलती मुलगी, तेरा वर्षांची. हनुमंतरावांनी लिहिलं होतं की मागच्या पावसाळ्यात आलो तेव्हा जयेचा खोकला ऐकून गेलो, तो अजून कानात आहे. ओल्या सरपणाचा धूर तिला एक दिवस मारील. परसातली सातही झाडं यंदा उतरव. दोन चिंचा, एक कडुनिंब, चार पूवरसु, म्हणजे पारसपिंपळ. आत्ता तोडली तर आश्विनातल्या पावसापर्यंत खडखडीत वाळतील आणि दोन पावसाळे घरात ओलं लाकूड म्हणून यायचं नाही.

खोकल्याचं वाक्य अप्पाजीनं भामाकडून दोनदा वाचून घेतलं. अण्णांनी बायकोच्या खोकल्याची आठवण ठेवली, याचं त्याला इतकं वाटलं की तो उठून अंगणात गेला आणि उगाच गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. जयलक्ष्मी सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. अण्णांनी लिहिलंय तर करा, एवढंच म्हणाली.

झाडं तोडायला कात्तमुत्तू होता. तो अप्पाजीच्याच वयाचा. परसाच्या टोकाला, दोन पूवरसूंच्या मधे त्याची झोपडी होती. चुलत्यानं त्याला तिथं बसवून वीस वर्षं झाली होती. नारळ उतरवणं, बागेची राखण, बांध घालणं हे त्याच्याकडे. त्याची बायको चेल्लाई गोठा झाडायची. सरपणातला सहावा हिस्सा आणि गळून पडलेली साल, डहाळ्या त्याच्या, असं ठरलं.

पहिल्या दिवशी कात्तमुत्तूनं चिंचेच्या बुंध्याला हळद लावली, नारळ फोडला आणि झाडात जे कोणी राहत असतील त्यांनी राग न धरता दुसरीकडे जावं, असं हात जोडून सांगितलं. अप्पाजीला हसू आलं, पण त्यानंही हात जोडले. मग दोघांनी धोतराचा काचा मारला.

गावात मराठी माणसाला रायर म्हणत, आणि रायर घरचा माणूस उघड्या अंगानं कुऱ्हाड चालवतो याची थट्टा जुनीच होती. कालव्यावरून जाणारे थांबत, काय रायर, कात्तमुत्तूला मजुरी द्यायला लागू नये म्हणून का, असं विचारत. अप्पाजी घाम निथळत हसून घेई. कुऱ्हाड त्याला येत होती. हातात पुस्तक जड व्हायचं, कुऱ्हाड कधी जड झाली नाही.

कडुनिंब दोन दिवसांत आडवा झाला. चिंचांनी मात्र रक्त आटवलं. चिंचेचं लाकूड पिळाचं, त्याची रेष सरळ जात नाही. पाचर ठोकावी तर ती आत रुतून बसे, घण मारला की उलटी उसळे. एकदा उसळलेली पाचर अप्पाजीच्या नडगीवर बसली आणि तो तिथंच मटकन खाली बसला. कात्तमुत्तूनं तंबाखूचं पान चावून जखमेवर दाबलं. दुपारी चेल्लाई नाचणीची आंबील आणी, जयलक्ष्मी ताक आणून कात्तमुत्तूच्या मडक्यात वरून ओती. दोघं चार हातांचं अंतर ठेवून एकाच सावलीत बसत. ती सावलीही रोज थोडी थोडी कमी होत गेली.

संध्याकाळी अप्पाजीच्या तळहातांना फोड आलेले असत. जयलक्ष्मी एरंडेल कोमट करून त्याच्या हातांना लावून देई. ती बोलत नसे. तो मात्र बोलत राही. कुठला ओंडका किती वळणांचा निघाला, कुठला आतून पोकळ, कुठल्यातून लाल मुंग्या बाहेर पडल्या, सगळं सांगे.

शेवटी चार पूवरसु उरले. त्यांतले दोन कात्तमुत्तूच्या झोपडीला लागून होते. छपराचे दोर त्यांच्याच खोडांना बांधलेले. वाऱ्यापावसात झोपडी उभी राहायची ती त्यांच्या आधारानं. कात्तमुत्तूनं कुऱ्हाड खाली ठेवून विचारलं, हे दोन राहू द्यायचे का, सामी? अप्पाजी घुटमळला. पण अण्णांनी सात लिहिली होती आणि अण्णांचा शब्द त्यानं कधी पाचावर किंवा सहावर आणला नव्हता. नवा खांब रोवू, छप्पर त्याला बांधू, असं तो म्हणाला. कात्तमुत्तूनं दोर सोडले, झोपडीला तात्पुरत्या बांबूचा टेकू दिला आणि दोन्ही झाडं स्वतःच्या हातानं पाडली.

तिकडचा मोठा पाऊस आश्विनातला, म्हणून आषाढ, श्रावण लाकूड उन्हात पसरलेलं राहिलं. अप्पाजी रोज त्याला कूस बदलायला लावी. भाद्रपदात ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखण वाजू लागल्या, तेव्हा त्यानं रचायला घेतलं.

रचण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. खाली ताडाची दोन खोडं समांतर टाकली, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. वाळवीसाठी राखेत चुना मिसळून जाड थर दिला. दोन्ही टोकांना उभ्या-आडव्या थरांचे चौकोनी खांब बांधले, आणि मधे चिंचेचे जाड तुकडे, त्यावर पूवरसु, सगळ्यात वर कडुनिंब. साल वरच्या अंगाला. दोन तुकड्यांत बोट जाईल एवढी फट, वारा खेळायला. पेटवणाचं बारीक सरपण वेगळं, करवंट्या आणि सोडणं पोत्यांत. चळत छातीएवढी झाली तेव्हा गावातले दोघेतिघे मुद्दाम पाहून गेले. जयलक्ष्मीही एकदा पदराला हात पुसत बाहेर आली, चळतीवरून हात फिरवला आणि आत गेली. ती सुखावली, असं अप्पाजीला वाटलं.

वर घालायला नारळाच्या विणलेल्या झावळ्या हव्या होत्या. त्या आणायला कात्तमुत्तू दोन दिवसांसाठी दूरच्या गावी गाडी घेऊन गेला. त्याच दिवशी, उन्हं चढल्यावर, परसात पिळ्ळै आले.

पिळ्ळै म्हणजे ओरत्तनाडूतले धान्याचे व्यापारी. छत्री, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, पायांत करकरणाऱ्या चपला. बरोबर दोन माणसं, त्यांच्याकडे जमीन मोजायची साखळी. अप्पाजीला वाटलं, सरपण विकत मागायला आले असतील. त्यानं आत ताक आणायला सांगितलं. पिळ्ळै बुंध्यांमधून फिरले, आभाळाकडे पाहिलं, ऊन कुठून कुठे पडतं ते हात करून माणसांना दाखवलं. मग त्यांनी विचारलं, रायर, हे बुंधे कधी काढणार?

अप्पाजीला प्रश्न कळला नाही. पिळ्ळैंना वाटलं त्याला ऐकू कमी येतं. त्यांनी आवाज चढवून, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. इथं भाताची गिरणी व्हायची आहे. घराच्या जागी गिरणी, आणि मागं उकडलेलं भात वाळवायला फरशीचं खळं. खळ्यावर सावली चालत नाही, म्हणून झाडं पाडून मिळाली तरच जागा घेतो, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. तोंडी बोलणं चैत्रात झालं, कागद दिवाळीच्या आत व्हायचा.

"तुमच्या अण्णांनी मला तेव्हाच सांगितलं, माझा भाऊ पावसाच्या आत सगळं मोकळं करून देईल," पिळ्ळै म्हणाले. "शब्द पाळलात तुम्ही. माणसं अशी मिळत नाहीत."

भामा ताकाचा तांब्या घेऊन आली. अप्पाजीनं तो तिच्या हातातून घेतला आणि तसाच धरून उभा राहिला. साखळीवाला एक जण चळतीवर टेकला होता. पिळ्ळैंनी तिच्यातून दोन ढलप्या उपसल्या, एकमेकींवर वाजवल्या, छान वाळलंय म्हणाले आणि दुसऱ्याच जागी खोचून दिल्या. ताक त्यांनी स्वतःच हात पुढे करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पाजी तंजावूरची बस धरून, तिथून गाडीनं पापनाशमला गेला. रविवार होता. हनुमंतराव खुर्चीत बसून पेपर वाचत होते. अप्पाजी नेहमीसारखा खाली चटईवर बसला. वाटेत त्यानं पुष्कळ शब्द जुळवले होते. चटईवर बसल्यावर त्यांतला एकही उरला नाही. पिळ्ळै आले होते, एवढंच तो म्हणाला.

हनुमंतरावांनी पेपरची घडी केली. ते रागावले नाहीत की लाजले नाहीत. वर्गात गणित समजावत असावेत तसे बोलले. शेत कोरडं होत चाललंय, घर दर पावसात गळतंय, तू आणखी किती वर्षं कुऱ्हाड चालवणार. भामा हुशार आहे, तिला इथं हायस्कुलात घालतो. घरामागची खोली तुम्हा तिघांना दिली. शाळेच्या बोर्डिंगच्या कोठीवर माणूस हवा आहे, तिथं तुझं नाव सांगून ठेवलंय.

"मला कां सांगितलें नाहीं?" अप्पाजीनं विचारलं.

"सांगितलें असतें तर तूं झाडें तोडलीं असतीस?"

अप्पाजी चटईची सुटलेली काडी परत आत खोचू लागला.

"पिळ्ळै सरपणही मागत होता. मी म्हणालों, तें अप्पाजीचें. तेवढें मी सोडलें नाहीं," हनुमंतराव म्हणाले. आणि मग सहज, जणू यानं सगळंच सोपं होईल अशा सुरात, त्यांनी सांगितलं, "जयेला सगळें ठाऊक आहे. चैत्रांत ती इथें आली होती तेव्हांच बोलणें झालें. खोकल्याचें लिहा, म्हणजे ते ऐकतील, असें तीच म्हणाली."

आतून सीतालक्ष्मी वहिनींनी जेवायला हाक मारली. आपण उठून जाऊ असं अप्पाजीला वाटलं होतं, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि पानावर वाफाळता भात पडला. तो जेवला. रसम दुसऱ्यांदा मागून घेतलं. परतीच्या गाडीत त्याला सगळ्यात जास्त त्या रसमाची लाज वाटत होती.

घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. जयलक्ष्मी विहिरीवर होती. त्याला पाहताच तिनं रहाट थांबवला. काल पिळ्ळैंचा आवाज तिनं आतून ऐकला होता. आपला माणूस सकाळी कुठं गेला होता, हे तिला विचारायची गरज नव्हती.

"चैत्रापासून?" त्यानं विचारलं.

"चैत्रापासून."

तो विहिरीच्या काठावर बसला. ती उभीच राहून बोलली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही. भामाला इथं ठेवलं तर दोन वर्षांत कुणाच्या तरी शेतावरच्या घरात देऊन टाकावं लागेल. आपल्यासारखंच तिचं व्हायचं, फुंकणी आणि धूर. तुमच्याशी बोलून काही होत नाही, तुम्ही घर दोघांचं म्हणता आणि झोपता. अण्णांनी जागा विकायची हे ठरवलंच होतं. झाडं पाडायला पिळ्ळैंनी माणसं आणली असती तर आपल्याला सरपणही मिळालं नसतं आणि खोलीही. निदान काहीतरी पदरात पडावं म्हणून मी बोलले.

यातलं काही खोटं आहे असं अप्पाजीला म्हणता येईना.

"रोज वाटायचें, आज सांगूं," ती म्हणाली. "पण तुम्ही इतक्या आनंदानें तोडत होतात."

"आणि तूं माझ्या हातांना तेल लावत होतीस."

तिनं घागरीचा दोर सोडवला. भरलेली घागर कमरेवर घेतली आणि आत गेली. त्या दिवसापासून अप्पाजी तिच्याशी कामापुरतं बोलू लागला, पाणी दे, दार लाव, एवढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्तमुत्तू झावळ्यांची गाडी घेऊन आला. त्याला काही ठाऊक नव्हतं. साखळीवाले येऊन गेल्याचं चेल्लाईनं आल्याआल्या सांगितलं होतं, पण सरकारी मोजणी असेल म्हणून त्यानं ते मनावर घेतलं नव्हतं. तो खुशीत होता. झावळ्या स्वस्तात मिळाल्या होत्या, चार जास्त आणल्या होत्या, त्या त्याच्या झोपडीला होणार होत्या. अप्पाजीनं सांगायला तोंड उघडलं आणि झावळ्यांची मोळी धरायला पुढे झाला.

पहिला दिवस चळत झाकण्यात गेला. आधी झावळ्या लागू देत, मग सांगू, असं अप्पाजीनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बारीक सरपणाची रास लावली. कात्तमुत्तू वरून, तो खालून. कात्तमुत्तू सांगत होता की या पावसात चेल्लाईच्या बहिणीला बाळंतपणासाठी इथंच आणायचं आहे, एवढं कोरडं लाकूड असताना पाणी तापवायची चिंता नाही. तिसऱ्या दिवशी झोपडीचा खांब रोवायचा होता. कात्तमुत्तूनं हातभर खड्डा खणला. अप्पाजीनं ताडाचा खांब दोन्ही हातांनी कवटाळून उभा धरला आणि कात्तमुत्तू भोवतीनं माती ठोकू लागला. सरळ आहे का, सामी, असं त्यानं खालूनच विचारलं. दोघांची तोंडं हातभर अंतरावर होती. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं.

"थोडा डावीकडे," अप्पाजी म्हणाला.

चौथ्या दिवशी छप्पर बांधलं. चेल्लाईनं नव्या खांबाला कुंकू लावलं.

पाचव्या दिवशी पिळ्ळैंची माणसं चुन्याची पाटी घेऊन आली. त्यांनी परसात पांढऱ्या रेघा ओढल्या. एक रेघ झोपडीच्या दारातून आत जायला लागली तेव्हा चेल्लाई आडवी आली, आणि त्यांनी तिला जे होतं ते सांगितलं. कात्तमुत्तू माडावर होता. तिचा आवाज ऐकून तो सरसर उतरला, त्यांचं बोलणं ऐकून घेतलं आणि कमरेचा कोयता न सोडता घराच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. अप्पाजी बाहेर आला.

"सामी, तुम्हाला ठाऊक होतं?"

नाही म्हणता आलं असतं. अप्पाजी म्हणाला, "सहा दिवसांपासून."

कात्तमुत्तूनं मनाशी हिशेब केला असावा. त्याची नजर बुंध्यांवरून फिरून नव्या खांबावर गेली.

"झाडं तर आपण वैशाखात पाडली," तो म्हणाला.

मग अप्पाजीनं सगळं सांगितलं. पत्र, खोकला, पिळ्ळै, पापनाशम, जया. सांगताना त्याच्याच कानाला ते रचलेलं वाटू लागलं. आपल्या घरातल्या घरात आपल्यालाच फसवलं, हे कोण खरं मानील? आणि ते खरं मानलं, तरी खांब धरून उभं राहण्याचं काय, त्याला तर कोणी भाग पाडलं नव्हतं. कात्तमुत्तूनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी तो म्हणाला, "बरं, सामी." गोठा धू, बांध घाल, नारळ उतरव असं सांगितल्यावर गेली वीस वर्षं तो म्हणत आला होता, त्याच आवाजात.

दुपारपर्यंत त्यानं आणि चेल्लाईनं छप्पर उतरवलं. खांब हलवून हलवून मोकळा केला आणि उपटला. अप्पाजी जवळ गेला. सहावा हिस्सा कशाला, अर्धं सरपण घेऊन जा, असं तो म्हणाला. मग म्हणाला, सगळंच घेऊन जा.

"ठेवायला जागा कुठं आहे, सामी?" कात्तमुत्तूनं विचारलं. विचारताना त्याचे हात दोर गुंडाळत होते.

दिवाळीच्या चार दिवस आधी पाऊस लागला, आणि त्याच पावसात अप्पाजीचं बिऱ्हाड निघालं. ठरवलेल्या बैलगाडीत मावतील तेवढी भांडी, दोन पेट्या, आणि जयलक्ष्मीनं निवडून बांधलेल्या सरपणाच्या दोन मोळ्या. बाकीची चळत तशीच मागं राहिली. पापनाशमच्या त्या खोलीत ती रचायला भिंतच नव्हती. भामा गोणपाट डोक्यावर घेऊन पुढे बसली होती. तिला नव्या शाळेचा आनंद झाला होता आणि तो ती लपवत होती.

गाडी कालव्याच्या बांधावरून निघाली. बांधाच्या उतारावर कात्तमुत्तूनं दोन झावळ्या तिरक्या टेकवून आडोसा केला होता. आत चेल्लाई तीन दगडांवर काहीतरी शिजवत होती. धूर वर जायला तयार नव्हता, तो जमिनीलगत पसरून रस्त्यावर आला आणि जयलक्ष्मीनं पदर नाकाला लावला. कात्तमुत्तू आडोशाच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. वीस वर्षांत अप्पाजीला पाहून तो उठून उभा राहिला नाही, खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला नाही, असं कधी घडलं नव्हतं. अप्पाजीनं गाडीवानाला सावकाश घ्यायला सांगितलं. गाडी अगदी त्याच्या समोर आली.

कात्तमुत्तूनं पाहिलं आणि तो बसून राहिला.